आठवड्याला साडेतीन लाख पाउंड: वसूल की बुडीत?

सर नमस्कार. इंग्लिश फुटबॉलमध्ये मी आर्सेनलचा फॅन, मेहुणा लिव्हरपूलचा, त्यामुळे सणासुदीला पण घरात शांतता नसते. त्याचं म्हणणं असं की त्यांच्या सालाहला २०२२ ला दिलेलं एक्स्टेन्शन (म्हणजे वाढवलेला करार) सगळ्यात वसूल झालेलं, आणि आमच्या ओझिलला २०१८ ला दिलेलं लै म्हणजे लै बुडीत खातं. मी म्हटलं, अरे दोघांचा पगार तर सेमच होता की, मग चुकलं कोण, खेळाडू का क्लब? खरं काय ते सांगा. – एक वाचक, कोल्हापूर

मेहुण्याची जोडी भारी आहे, कारण दोन्ही करार एवढे सारखे आहेत की मुद्दाम शोधून सापडणार नाहीत. ओझिलने सही केली १ फेब्रुवारी २०१८ ला, तेव्हा तो २९ वर्षांचा. सालाहने १ जुलै २०२२ ला, तेव्हा तो नुकताच ३० चा झालेला. आणि दोघांचा पगार तेव्हाच्या बातम्यांमध्ये एकच, आठवड्याला साडेतीन लाख पाउंडांच्या आसपास (क्लब असे आकडे स्वतः कधी सांगत नाहीत, त्यामुळे आसपासच म्हणायचं). पाउंडाला गोल शंभर रुपये धरले तरी वर्षाला १८२ कोटी झाले. ओझिलचा करार साडेतीन वर्षांचा, सालाहचा तीन वर्षांचा.

आता आधी तुमची बाजू घेतो. ओझिलचं एक्स्टेन्शन ज्या दिवशी झालं त्या दिवशी ते मूर्खपणाचं नव्हतं. त्याचा आणि अलेक्सिस सांचेझचा करार एकाच वेळी, २०१८ च्या उन्हाळ्यात संपत होता, आणि शेवटचे सहा महिने उरले की परदेशी क्लब खेळाडूशी थेट बोलू शकतो असा नियमच आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने सांचेझसाठी ६ कोटी पाउंड देऊ केल्याच्या बातम्या होत्या, शेवटच्या दिवशी ते फिसकटलं, आणि जानेवारीत सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला, बदल्यात मिळाला त्यांचा खेळाडू म्खितारियान. रोकडा शून्य. आता ओझिल पण फुकट गेला तर आर्सेनल लोकांना तोंड काय दाखवणार? तोच ओझिल ज्याने २०१५-१६ मध्ये लीगमध्ये १९ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलसाठी शेवटचा पास) दिलेले. ओझिलच्या बाजूच्या माणसांना हे सगळं माहीत होतं, म्हणजे क्लबची मान त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती पिळली, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा धंदा आहे.

पुढचं तुम्ही स्वतः बघितलंय. त्याला नंबर दहा म्हणून, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे, मोकळं सोडणारा कोच वेंगर त्याच उन्हाळ्यात गेला, आणि त्याच्या जागी आलेल्या एमरीला पळणारे, प्रेस करणारे (बॉल हिसकवायला समोरच्याच्या अंगावर धावणारे) खेळाडू हवे होते. २०१८-१९ च्या पूर्ण लीग सीझनमध्ये ओझिलचे असिस्ट २. मार्च २०२० मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध तो आर्सेनलसाठी शेवटचा उतरला, मग लॉकडाऊन, आणि जूनमध्ये मॅचेस परत सुरू झाल्या तेव्हा ओझिल नाही. ऑक्टोबरमध्ये तर प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीतूनच नाव काढलं. यात खेळाचा भाग किती, कोविडमधल्या पगारकपातीला त्याने दिलेल्या नकाराचा किती, यावर लोक अजून भांडतात. त्याच महिन्यात क्लबने खर्च कमी करायचा म्हणून गनरसॉरसच्या, म्हणजे मैदानात नाचणाऱ्या त्या हिरव्या डायनासोरच्या आतल्या माणसाला कामावरून काढलं, आणि ओझिलने जाहीर केलं की मी आर्सेनलमध्ये असेपर्यंत त्याचा पगार मी देतो. टीममध्ये न खेळणारा माणूस क्लबच्या मॅस्कॉटचा पगार द्यायला निघालाय, त्याच क्लबने दिलेल्या पैशातून. एवढं बघितल्यावर मेहुण्याशी वाद घालायला जीभ कशी वळते तुमची?

सालाहचं उलटं. त्या कराराच्या तीन सीझनमध्ये लीगमध्ये १९, १८ आणि २९ गोल. शेवटच्या म्हणजे २०२४-२५ च्या सीझनला २९ गोल आणि वर १८ असिस्ट, आणि लिव्हरपूल चॅम्पियन.

पण माझ्या मते गोल मोजून निकाल लावला तर मुद्दा अर्धाच राहतो, कारण गोल नंतर कळतात आणि सही आधी करावी लागते. सही करताना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हाच पगार देऊन, वर क्लबला पण पैसे मोजून, याला उचलणारा जगात दुसरा कोणी आहे का? सालाहच्या बाबतीत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये सौदीच्या अल इत्तिहादने १५ कोटी पाउंडांपर्यंतची ऑफर दिल्याच्या बातम्या आल्या, लिव्हरपूलने नाही म्हटलं. म्हणजे करार चालू असताना पण लिव्हरपूलकडे दार उघडं होतं, वाटलं असतं तर विकून मोकळे झाले असते. ओझिलला त्या पगारात घेणारा कोणीच नव्हता. ना विकता येत होता, ना खेळवायचा होता, शेवटी करार संपायला सहा महिने असताना जानेवारी २०२१ मध्ये सोडून दिला, तो फेनरबाचेला गेला.

आणि अजून एक, जो तुमच्या मेहुण्याला पण सुचला नसेल. एका फ्लॅटचं भाडं वाढलं की अख्ख्या सोसायटीला कळतं, तसं ड्रेसिंग रूमचं आहे. ओझिलला एवढे मिळतात म्हटल्यावर प्रत्येकाचा एजंट तोच आकडा धरून टेबलावर बसणार. त्याच वर्षी रॅमसीशी नवीन कराराची बोलणी चालू होती, क्लबने ऑफर मागे घेतली आणि २०१९ ला रॅमसी युव्हेंटसला गेला. फुकट! ज्या भीतीने ओझिलला एवढे दिले तेच परत झालं. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये ३१ वर्षांच्या ऑबामेयांगला तीन वर्षांचं एक्स्टेन्शन, एफए कप जिंकून दिल्याच्या आनंदात, आणि दीडएक वर्षात करार रद्द करून त्याला पण बार्सिलोनाला जाऊ दिलं. एकदा ठीक आहे हो, दुसऱ्यांदा पण?

तीस वर्षांच्या प्लेअरवर एवढा पैसा लावण्यापेक्षा तेवढ्यात एखादा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा का नाही घेत हे क्लब? तो पुढे विकता तरी येतो ना. – इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नागपूर

घेतात की. आणि योगायोग बघ, लिव्हरपूलने २०२२ च्याच उन्हाळ्यात घेतला, डार्विन नुन्येझ, वय २२, बेन्फिकाला सुरुवातीलाच साधारण ६.४ कोटी पाउंड दिले, करार सहा वर्षांचा. हिशोबाची पद्धत अशी आहे की ही फी कराराच्या वर्षांवर वाटून खर्चात धरतात, म्हणजे वर्षाला एक कोटीच्या वर गेले, आणि पगार वेगळा. सालाहला २०१७ ला रोमाकडून घेतलं होतं, ती फी २०२२ पर्यंत वहीतून जवळजवळ पुसली गेली होती, त्यामुळे त्याचा खर्च म्हणजे फक्त पगार. हे लोक विसरतात. साडेतीन लाख हा आकडा डोळ्यात खुपतो, फी मात्र कुठेतरी बॅलन्सशीटमध्ये लपलेली असते.

तीन सीझनमध्ये नुन्येझचे लीग गोल २५, सालाहचे ६६. आणि नुन्येझला २०२५ ला अल हिलालला विकलं तेव्हा जेवढ्याला घेतला त्यापेक्षा कमीच आले. पोरगा वाईट नव्हता, पळायचा तर जीव तोडून, पण नवीन माणूस म्हणजे जुगार आणि त्याचे पण पैसे लागतात.

मात्र तुझा प्रश्न एकदम चुकीचा पण नाही. त्याच उन्हाळ्यात साडियो माने पण ३० चा, त्याच्या कराराचं पण एकच वर्ष उरलेलं, आणि त्याला लिव्हरपूलने बायर्नला विकला. एकच क्लब, एकच वय, एक ठेवला एक विकला. माने बायर्नमध्ये एकच सीझन टिकला आणि सौदीला गेला. म्हणजे वय बघून नियम लावलाच नाही त्यांनी, माणूस बघून लावला. आणि सालाहची गोष्ट पण तिथे संपत नाही, एप्रिल २०२५ मध्ये त्याला परत दोन वर्षं दिली, आणि त्याच डिसेंबरमध्ये लीड्सविरुद्ध ३-३ झाली ती मॅच त्याने पूर्ण बेंचवर बसून काढली आणि बाहेर येऊन पत्रकारांना सांगितलं की क्लबने मला बळीचा बकरा केलाय. तेव्हा मेहुण्याने फक्त २०२२ च्या कराराबद्दल बोलावं, २०२५ चा विषय निघाला की ताट घेऊन उठावं.

माझ्या मुलीच्या खोलीत एम्बापेचं मोठं पोस्टर आहे. तो म्हणे पॅरिसचा क्लब फुकट सोडून गेला. करार असताना माणूस फुकट जातो कसा? मग करार करायचाच कशाला? – एक पालक, ठाणे

करार असताना नाही गेला ताई, संपल्यावर गेला. १९९५ ला बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या केसमध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला एक पैसा द्यायचा नाही. तेव्हापासून एक्स्टेन्शनचा हा सगळा बाजार. पीएसजीने, म्हणजे त्या पॅरिसच्या क्लबने, २०२२ मध्ये वाजतगाजत एम्बापेची सही घेतली, २०२५ लिहिलेला शर्ट घेऊन फोटो काढले, पण त्यातलं शेवटचं वर्ष त्याच्या मर्जीवर होतं. त्याने ते घेतलं नाही, २०२४ ला रेआल माद्रिदला गेला, ट्रान्सफर फी शून्य. खेळ बघाल तर त्याने पैसे फेडले, गोलांचा ढीग घातला. पण कागद करताना पीएसजीने मार खाल्ला.

याच्या उलट हॅरी केन. टॉटनहॅमने २०१८ ला सहा वर्षांचा करार केला, २०२१ ला सिटी मागे लागली तरी सोडला नाही, आणि २०२३ ला एकच वर्ष उरलेलं असताना बायर्नकडून १० कोटी युरोच्या आसपास घेतले. पाच सीझन गोल पण मिळाले आणि शेवटी रक्कम पण. टॉटनहॅमला ट्रॉफी मिळाली नाही हा भाग वेगळा, त्याला करार काय करणार.

एजंट लोक मध्ये पैसे खातात म्हणून पगार फुगतात असं ऐकलंय. एजंट नसता तर क्लबचे पैसे वाचले असते का? – एक वाचक, मडगाव

उलटंच उदाहरण देतो. केव्हिन डी ब्रॉयनाने २०२१ मध्ये सिटीबरोबरचं एक्स्टेन्शन एजंटशिवाय केलं. डेटा ॲनालिस्ट लोकांना कामाला लावलं, आपल्या खेळाचं क्लबला मोल किती याचा रिपोर्ट बनवून घेतला आणि तो पुढे ठेवून बोलणी केली. स्वस्तात काही गेला नाही तो, क्लबमधल्या सगळ्यात महागड्यांमध्येच राहिला. त्या करारात लीग तीनदा आली, २०२३ ची ट्रेबल (एकाच सीझनमध्ये तीन मोठ्या ट्रॉफ्या) आली, मधला अर्धा सीझन मांडीच्या दुखापतीत गेला, आणि २०२५ ला करार संपल्यावर नापोलीला. मला विचाराल तर हे वसूल. एजंटचं कमिशन वाचतं, पण पगार फुगतो तो एजंटमुळे कमी आणि दुसऱ्या क्लबच्या भीतीमुळे जास्त.

हालांडने २०३४ पर्यंत सही केली. साडेनऊ वर्षं! हे तर ओझिलपेक्षा डेंजर नाही का? – एक वाचक, पुणे

आकडा बघून मला पण तसंच वाटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सही केली तेव्हा तो २४ चा, करार संपेल तेव्हा जवळजवळ ३४ चा होईल. पण साडेनऊ वर्षं तो सिटीत खेळेल असं सिटीला तरी कुठे वाटतंय? उद्या रेआल माद्रिद आलं तर फुकट न्यायचा विषयच नाही, सिटी म्हणेल ती किंमत मोजावी लागेल, तेवढ्यासाठी तो कागद आहे. धोका आहे तो गुडघ्याचा. २८ व्या वर्षी मोठी दुखापत झाली आणि वेग गेला, तर त्या पगारात त्याला घेणारा कोणी नाही आणि पुढची सहा वर्षं पगार चालू. सिटीच्या तिजोरीला ते झेपेल. हाच करार एव्हर्टन किंवा वेस्ट हॅमसारख्या, सिटीएवढा पैसा नसलेल्या क्लबने केला असता तर मी त्याला वेडेपणा म्हटलं असतं.