जुन्या रोड बाईकचे डाऊनट्यूबवरचे गिअरचे खटके काढून ब्रेक लिव्हरमधले शिफ्टर बसवणं परवडतं का?

प्रश्न साधा आहे तुमचा. स्टीलची जुनी रोड बाईक, मागे सहाची चकरी, गिअर बदलायचे खटके खाली डाऊनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या तिरप्या खालच्या नळीवर, ते काढून एसटीआय, म्हणजे ब्रेक लिव्हरमधलेच शिफ्टर, टाकू का, की 'सायकलच्या किमतीपेक्षा शिफ्टर महाग' म्हणून सोडून देऊ. माझं उत्तर: टाका. आता कारण सांगतो, आणि ते लांबणार आहे भाऊ, कारण याच गोष्टीवरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं नऊ महिने बोलणं बंद होतं.

माझी सायकल मुळात माझी नाहीच, दादाची. दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, नागपूरच्या महाल भागात राहतो, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. कॉलेजात असताना त्यानं ती पुण्याहून कोणाकडून तरी सेकंडहँड आणलेली, लगवाली (नळ्यांच्या सांध्यांवर धातूच्या टोप्या असलेली) जपानी फ्रेम, मोरपंखी रंग, आणि बर्डीच्या बाजारातून तो निघाला की पोरं मागे पळायची असं तोच सांगतो, पळत असतीलही. मग लग्न, मग गुडघा, मग सायकल जिन्याखाली. मी मागितली २०१७ ला. वर्ष पक्कं लक्षात आहे कारण आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी त्याच वर्षी रेस अॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलनं पार करायची शर्यत, एकट्यानं पूर्ण केली होती आणि आमच्या ऑफिसात ज्यांना जिना चढवत नव्हता तेही हेल्मेट घेऊन यायला लागले होते. दादानं सायकल दिली पण अट घातली, "टायर बदल, ट्यूब बदल, बाकी तिच्या अंगाले हात लावायचा नाही बे."

नाही लावला. दोन वर्षं नाही लावला.

हे जुने खटके फ्रिक्शनचे. फ्रिक्शन खटक्याला टिकटिक नसते, तो निव्वळ स्क्रूच्या दाबावर जागेवर बसलेला असतो, वर ती अर्धगोल कडी असते ती हातानं पिळून घट्ट ठेवायची. आणि आपले सिमेंट रोड तुम्हाला माहीतच आहेत, जोडावर जोड, धडक धडक धडक, आठ दिवसांत कडी ढिली. नोव्हेंबरातली सकाळ, सहा वाजायचे होते, फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सकडे चढून राहिलो होतो, उभं राहून पायडल मारत. उभं राहिलं की जुनी बारीक फ्रेम लवते, केबलला झटका बसतो, आणि खटका आपोआप पुढे सरकला. डिरेलरच्या (चेन एका चकरीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) स्प्रिंगनं चेन सरळ लहान चकरीवर नेऊन टाकली, म्हणजे ऐन चढावर सगळ्यात जड गिअर. मी खाली बसलो, उजवा हात सोडला, वाकलो खटका मागे ओढायला. वेग असेल आठ-नऊचा. चढावर आठच्या वेगात एका हातानं सायकल सरळ धरून दाखवा कोणीही, मी चहा पाजतो. पुढचं चाक डावीकडे गेलं, सिमेंट संपून गट्टू सुरू होतात तिथे दोन बोटांची पायरी असते, चाक त्यात अडकलं आणि मी खांद्यावर. कॉलरबोन.

दवाखान्यात दादा आला, संत्री घेऊन आला, हे मान्य. सोलता सोलता म्हणे, "कडी घट्ट कराले काय होते बे तुले? आम्ही इतकी वर्षं चालवली, खरोच नाही आला. सायकलचा दोष नाही, चालवणाऱ्याचा आहे." मी म्हटलं हात बरा झाला की खटके बदलतो. अर्धं सोललेलं संत्रं तिथेच उशाशी ठेवून निघून गेला माणूस.

आता त्याचं नेहमीचं म्हणणं असं की खरे रेसर हेच वापरायचे. वापरायचे, दुसरं होतंच कुठे! शिमानो कंपनीनं टिकटिकवाले इंडेक्स खटके (एका टिकेला एक गिअर) आपल्या ड्युरा-एस या रेसिंगच्या संचात आणले १९८४ ला, ब्रेक लिव्हरमध्येच शिफ्टर आला १९९० ला, कॅम्पाग्नोलो कंपनीचा तसाच शिफ्टर, एर्गोपॉवर, १९९२ चा. एकदा ते आल्यावर तेच खरे रेसर हँडलवरून हात काढायला तयार नव्हते. डोंगरातल्या टप्प्यांना वजन वाचवायला काही जण डावीकडचा एक खटका खाली ठेवायचे, पण तो पुढच्या चेनरिंगचा, जो तासात दोन-चारदा लागतो. मागच्या गिअरसाठी हात खाली नेणं यात कला-बिला काही नाही, नाइलाज होता तो.

बरं, तुमचं काम. माझी चूक तुम्ही करू नका म्हणून सांगतो. मी एका दुकानात गेलो, नाव नाही घेत, त्यानं मला दहा स्पीडचे (मागे दहा चकऱ्यांसाठीचे) शिमानो टियाग्रा ४७०० चे शिफ्टर दिले आणि सोबत शिमानोच्याच १०५ नावाच्या संचातला जुना दहा स्पीडचा डिरेलर, मॉडेल ५७००. म्हणे दहा ते दहा, डोळे मिटून लागेल. तीन रात्री ट्यूनिंग करत बसलो. पहिला गिअर लागे, दुसरा लागे, तिसऱ्याला चेन दोन चकऱ्यांच्या मध्ये करकर करत बसे. बायको आतून ओरडे, ते दळण थांबव. मग वाचत बसलो तेव्हा कळलं की ४७०० दहा स्पीड असला तरी केबल ओढतो अकरा स्पीडवाल्या नव्या हिशोबानं, एका क्लिकला जास्त, त्यामुळे जुना डिरेलर गरजेपेक्षा लांब उडी मारतो. आकडा सारखा म्हणजे जोडी जमली असं नसतं, लग्नात असतं का? दुकानदारानं परत घेतलं नाही, उलट म्हणे तुमची फ्रेमच वाकडी आहे.

शेवटी शिमानोचाच आठ स्पीडचा क्लॅरिस घेतला आणि आजपर्यंत पस्तावलो नाही. आठची चेन जाड, कॅसेट (मागच्या चकऱ्यांचा संच) स्वस्त, आणि केबल अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झाली तरी चालून जातं. शिमानोच्या रोडच्या आठ-नऊ स्पीडच्या डिरेलरांचा केबलचा हिशोब एकच आहे, त्यामुळे डिरेलर शोधायला त्रास नाही. त्रास मागच्या चाकाचा. तुमची सहाची चकरी म्हणजे मागचं माप, फ्रेमच्या ज्या दोन टोकांत चाक बसतं त्यांच्यातलं अंतर, बहुतेक १२६ मिलिमीटर, आणि आठच्या कॅसेटचं चाक १३० चं. स्टील असेल तर चार मिलिमीटर म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन, ते फाकवता येतं. मी आटे पाडलेली सळई आणि दोन नट घेऊन केलं, हळूहळू, दोन दिवस. सळई काढली की फ्रेम परत मिटते, म्हणून १३० च्या बरंच पुढे जावं लागतं, तिथे छाती धडधडते. नंतर हेडट्यूबवरून (हँडलखालची नळी) दोरा घेऊन दोन्ही ड्रॉपआऊटला (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा) ताणला आणि सीटट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्हीकडचं अंतर मोजलं. माझं उजवीकडे एक मिलिमीटर जास्त निघालं, अजून आहे, चालते. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर मात्र सरळ करून घ्याच, तो तिरपा असेल तर हजारो रुपयांचा शिफ्टरही त्या दुकानदारासारखाच वागेल.

डाऊनट्यूबवर खटके होते तिथे केबलचा आऊटर अडवायला केबल स्टॉप लागतात, बारीक, फिरवायचा अॅडजस्टर असलेले, तेवढे वेगळे मागवा, पुष्कळ लोक विसरतात. गिअरचा आऊटर, म्हणजे केबलवरची बाहेरची नळी, आणि ब्रेकचा आऊटर एक नाही. पंक्चरवाला एकच रीळ दाखवून सांगेल की सगळ्याला हेच चालतं, ऐकू नका. गिअरच्या आऊटरमध्ये तारा उभ्या असतात, ब्रेकला लावला तर जोरात दाबल्यावर फाटू शकतो, आणि तो फाटतो तेव्हा तुम्ही उतारावर असता. उलट ब्रेकचा आऊटर गिअरला लावला तर जीव जात नाही, फक्त गिअर कधीच धड लागत नाही. सेकंडहँड एसटीआय मिळाले आणि खटका नुसताच हवेत हलत असेल तर लगेच मेले म्हणून टाकू नका, आतलं ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं, डिग्रीझर मारा, शंभर वेळा खटखट करा, मग हलकं तेल. अर्ध्याअधिक वेळा जिवंत होतात.

खर्चाचं विचारलं तुम्ही. आकडा नाही देत, आज सांगितलेला भाव पुढच्या महिन्यात नसतो. पण शिफ्टरला जेवढे लागतील जवळपास तेवढेच चाक, कॅसेट, चेन, केबल, बारटेप मिळून जातील हे धरून चाला. तेवढं नको असेल तर शिमानो टूर्नीचे सात स्पीडचे ए०७० शिफ्टर घ्या आणि मागे सातचं फ्रीव्हील (चाकावर आट्यांनी बसणारा चकऱ्यांचा गुच्छ), ते १२६ मध्ये बसतं, फ्रेमला हात लावायचा नाही, फक्त इंडेक्सवाला डिरेलर हवा. त्यात एक खटका अंगठ्याचा आहे आणि हँडलच्या खालच्या वाकात हात असला की तिथे अंगठा पोचत नाही. तरी फ्रेमवर वाकण्यापेक्षा बरं.

आणि हो, हे आधी सांगायला पाहिजे होतं, फ्रेम अॅल्युमिनियम किंवा कार्बन असेल तर फाकवण्याचा विचारसुद्धा नको. दुसरं म्हणजे नव्या लिव्हरला जुने ब्रेक लावले तर लिव्हर कडक लागतो पण पकड कमी, पहिले दोन दिवस गर्दीत नेऊ नका. आणि तुम्ही फक्त रविवारी अंबाझरीपर्यंत जाऊन तर्री-पोहे खाऊन परत येणारे असाल तर काहीच करू नका, कडी पिळा आणि जा. फ्रिक्शनवर खरंच प्रेम असेल तर हँडलच्या टोकाला लागणारे बार-एंड शिफ्टर मिळतात, काहींत फ्रिक्शनही चालतं, हात हँडलवरच राहतो. मी दादाला हेच म्हटलं होतं, म्हणे ते म्हाताऱ्यांचं असतं.

दादाशी बोलणं सुरू झालं ते तान्ह्या पोळ्याला. मारबतीची मिरवणूक, म्हणजे 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत पुतळा मिरवतात ती, पाहायला दरवर्षी काकांकडे जमतो आम्ही, मी मुद्दाम सायकलनं गेलो. त्यानं दारातच सायकल अडवली, जुन्या खटक्यांच्या जागी ते दोन केबल स्टॉप दिसले, त्यावरून अंगठा फिरवला, आणि बाहेर पोरं ओरडून राहिली होती तसंच गच्चीकडे तोंड करून ओरडला, "नवे खटके घेऊन जा गे मारबत!" सगळे हसले, मीही. मग गुडघ्याचं विसरून मागच्या गल्लीत घेऊन गेला आणि वीस मिनिटं आला नाही. आल्यावर म्हणे, "ब्रेक ढिले काऊन ठेवले बे?" बस्स, गिअरबद्दल अक्षर नाही.

तेव्हा एक सांगायचं राहिलं, काकू पुरणपोळी वाढत होती म्हणून. दादा, तू हे वाचशीलच, तुझ्या पोरानं लिंक पाठवली नाही तर मी पाठवतो. जुने खटके माझ्याकडे डब्यात ठेवले आहेत, स्क्रूसकट, कडीसकट. उजवीकडचा उघडला तेव्हा आतला पातळ वॉशर मधून चिरलेला निघाला आणि स्क्रूचे आटे गुळगुळीत. तो स्क्रू घट्ट होतच नव्हता. ये आणि पिळून पाह.