कॅसेटवरून आलेल्या डब्ल्यूएव्ही फाइल एमपी-थ्री करायला फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कीर्तनांच्या कॅसेट दुकानातून डिजिटल करून आणल्यात, विंडोजच्या लॅपटॉपवर सगळ्या डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या मोठ्या फाइल आहेत, त्या गाडीतही वाजायला हव्यात आणि सिन्नरच्या आत्यांच्या मोबाईलवरही. मी पंचवटीत राहतो. आमच्या भजनी मंडळाची आणि गोदाघाटावरच्या व्याख्यानांची जुनी रेकॉर्डिंग सांभाळायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो: फ्रे:एसी घ्या.

शोधताना इंग्रजीत एफ, आर, ई, मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग ए, सी असं टाइप करा आणि त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवून घ्या. हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, त्यात जाहिरात नाही, नोंदणी नाही. सगळा फोल्डर एकदम आत ओढून टाकता येतो आणि फाइलची नावं देवनागरीत असली तरी ते अडखळत नाही. ‘०७ सुदामचरित्र, बाजू अ’ हे नाव एमपी-थ्री झाल्यावरही जसंच्या तसं राहतं. आपल्या लोकांसाठी हा गुण मोठा आहे, कारण नावं बिघडली की कोणतं आख्यान कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

‘कोणत्या सॉफ्टवेअरचा आवाज चांगला’ याची काळजी फार करू नका. एमपी-थ्री बनवायचं खरं काम आत बसलेला एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून फाइल लहान करणारा भाग, करतो आणि फुकटातल्या बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तो एकच असतो, लेम. १९९८ पासून त्यावर काम होत आलंय. फ्रे:एसीत तो आहे, ऑडासिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही आहे. सेटिंग तेच ठेवलं तर आवाजही तोच मिळणार. जुन्या लेखांमध्ये ‘लेमची फाइल वेगळी डाउनलोड करा’ असं वाचायला मिळेल, तिकडे लक्ष देऊ नका. एमपी-थ्रीच्या पेटंटमुळे तेव्हा तसं करावं लागायचं. २०१७ मध्ये तो परवान्यांचा कारभार बंद झाला आणि आता लेम ऑडासिटीसोबतच येतो. ती फाइल शोधायला गेलेला माणूसच मोठ्या हिरव्या बटणांच्या साइटवर पोहोचतो आणि नको ते लॅपटॉपवर घेऊन येतो.

ऑनलाइन कन्व्हर्टर मात्र वापरू नका. वडिलांचा आवाज कुणाच्या तरी सर्व्हरवर का पाठवायचा? शिवाय साठ मिनिटांच्या कॅसेटची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही सुमारे ६३५ एमबी होते. ती अपलोड होईपर्यंत घरच्या लॅपटॉपवर ढीगभर फाइल तयार झालेल्या असतात.

एमपी-थ्री करण्याआधी याच फ्रे:एसीतून सगळ्या फाइलची एफएलएसी, म्हणजे फ्लॅक, प्रत करा. यात आवाजातलं काहीही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा ठसा म्हणून एक आकडा साठवलेला असतो, त्यामुळे पुढे डिस्क खराब होऊन फाइल बिघडली तर ते तपासून कळतं. डब्ल्यूएव्हीत ही सोय नाही. फ्लॅकचा एक संच घरी ठेवा, दुसरा भावाकडे किंवा बहिणीकडे. पुढे जे काही बनवायचं ते या फ्लॅकवरून बनवा. एमपी-थ्रीवरून पुन्हा एमपी-थ्री केलं की प्रत्येक वेळी आवाज थोडा आणखी उतरतो, आणि गेलेला भाग परत डब्ल्यूएव्ही करून मिळत नाही.

आता बिटरेट, म्हणजे आवाजाच्या दर सेकंदाला किती माहिती साठवायची ते; ते केबीपीएसमध्ये (सेकंदाला किलोबिट) मोजतात. नुसतं भाषण असेल तर मोनोत, म्हणजे एकाच चॅनलमध्ये, ६४ केबीपीएसलाही चालून जातं. गोदाघाटावरची व्याख्यानं मी तशीच वाटतो. कीर्तनाला ते पुरत नाही, आणि कारण आहे झांज. आवाज दाबताना सगळ्यात आधी मार खातो तो झांजेचा आणि टाळांचा. उत्तररंगात गजर रंगात आला असेल असं एक मिनिट काढा, ते १२८ आणि १९२ अशा दोन्हींनी करून हेडफोन लावून ऐका. झांज वाजून गेल्यावर मागे जी शेपटी राहते तिच्याकडे कान द्या. कमी बिटरेटवर ती पाण्याखालून आल्यासारखी हेलकावते. मी कीर्तनाला १९२ ठेवतो, तासाला साधारण ८६ एमबी होतात. गाडीसाठी कॉन्स्टंट, म्हणजे सगळीकडे सारखा बिटरेट निवडा, कारण व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या बिटरेटच्या फाइलची वेळ काही जुने प्लेयर चुकीची दाखवतात. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू द्या. आत्यांनाही हीच एमपी-थ्री व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचेल. ओपस हा फॉरमॅट कमी जागेत याहून सरस आहे, पण गाडीतल्या बऱ्याच प्लेयरना तो वाचता येत नाही.

तीस मिनिटांची बाजू संपली म्हणून पूर्वरंग मध्येच तुटला असेल तर दोन बाजू जोडायला ऑडासिटी लागेल. जोडल्यावर ती फाइल आधी फ्लॅकमध्येच काढा. खरखर घालवायचा मोह आवरा. नॉइज रिडक्शन जरा जास्त झालं की खरखरीबरोबर तंबोराही जातो आणि माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

हे सगळं सुरू करण्याआधी एक गोष्ट आजच तपासा. काही ठिकाणी कॅसेट थेट एमपी-थ्रीत घेतात आणि गिऱ्हाइकाने मागितली म्हणून तीच डब्ल्यूएव्ही करून देतात. नुसत्या आकारावरून हे कळत नाही. ऑडासिटीत फाइल उघडून ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा; त्यात खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचा आवाज चित्रासारखा दिसतो. कॅसेटचा वरच्या पट्टीतला आवाज हळूहळू विरत जातो. तिथे १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसली आणि तिच्या वर सगळं काळं असलं, तर ती फाइल आधी एमपी-थ्री होती असं समजा. दोन-चार फाइल अशा निघाल्या तर बाकीच्याही बघा, आणि त्या कॅसेट घेऊन पुन्हा दुकानात जा. ‘थेट डब्ल्यूएव्हीत, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट’ असं कागदावर लिहून द्या आणि एकाच कॅसेटची फाइल आधी मागा. ती घरी आणून स्पेक्ट्रोग्राममध्ये पाहिल्यावरच बाकीच्या द्या. तोवर एकही कॅसेट टाकू नका.