शेती आणि गिर्यारोहण, दोन्हीतून संयम आणि तयारीचे धडे सारखेच मिळतात का?

बऱ्यापैकी सारखेच. फक्त संयम म्हणजे हातावर हात धरून बसणं असं डोक्यात असेल तर ते आधी काढा. मी जुन्नर तालुक्यात सोयाबीन आणि कांदा करतो, आणि पावसाळा सरला की पोरांबरोबर जीवधन, वानरलिंगी अशा ठिकाणी क्लाइंबिंगला जातो, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

मृगाचा पहिला पाऊस पडला की गावात ट्रॅक्टर निघतात, शेजाऱ्याचं पेरून झालं आणि आपलं रान मोकळं दिसलं की जीव खालीवर होतोच. पण कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो की 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि ते खरंय, कारण वरची चार बोटं माती ओली दिसते पण खाली जमीन तापलेलीच असते, बी उगवतं, मग पावसाने दडी मारली की कोंब जागेवर वाळतात आणि दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, खत, ट्रॅक्टर सगळं परत.

मग तोवर करायचं काय? घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो पेरायचं, कमी आले तर त्या हिशोबाने बियाणं वाढवायचं. (आणि पोती आपटू नका राव, सोयाबीनचं साल नाजूक असतं, आपटलं की उगवण गेली.)

क्लाइंबिंगमध्ये हेच रोपचं, म्हणजे चढाईच्या दोराचं. आदल्या रात्री अख्खा रोप हातातून इंच इंच सरकवत बघायचा, कुठं मऊ लागतोय का, फुगलाय का, वरचं कव्हर घासलंय का. कंटाळवाणं काम, रीलमध्ये कुणी टाकत नाही. दुसऱ्या दिवशी वर लीड करणारा, म्हणजे सगळ्यात पुढे चढणारा, एकेका पकडीसाठी वेळ घेतो आणि खाली बिले देणारा, म्हणजे त्याचा रोप धरून त्याला सांभाळणारा, मान वर करून उभा, बघणाऱ्याला वाटतं नुसता उभाय, पण त्याचा ब्रेकचा हात रोपवरून क्षणभरही सुटत नाही. संयम म्हणाल तर मला तो तिथं दिसतो.

मोठ्या डोंगरावर तर काय बोलायचं. एव्हरेस्टवाले 5364 मीटरच्या बेस कॅम्पवरून वर जातात, परत खाली येतात, परत जातात, शरीराला विरळ हवेची सवय लागेपर्यंत हेच चालू, आणि मग मे महिन्यात वारा पडायची वाट बघत बसतात. परत फिरायची वेळ मात्र खालीच ठरवून ठेवायची असते, कारण वर ऑक्सिजन तिसऱ्या हिश्श्यावर आलेला असतो आणि शिखर समोर दिसत असताना डोकं धड हिशोब करत नाही. 10 मे 1996 ला दुपारी दोननंतरही बरेच जण वर चढत राहिले, संध्याकाळी वादळ आलं आणि 8 जण गेले, त्यात मुरलेले गाइडसुद्धा होते.

एक फरक मात्र आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. डोंगर पुढच्या वर्षी तिथंच असतो, हंगाम नसतो. गिर्यारोहक परत फिरला तर लोक शहाणा म्हणतात, शेतकऱ्याने रान पडीक ठेवलं तर भावकी हसते, आणि सोसायटीचं कर्ज थांबत नाही ते वेगळंच. तरी परत फिरायची वेळ आम्हालाही ठरवावीच लागते. जुलैच्या मध्यानंतर पेरलेल्या सोयाबीनचं उत्पादन घटतं, त्यामुळे तोवर पुरेसा पाऊस नाही झाला तर मी त्याचा नाद सोडतो आणि रान सरळ कांद्यासाठी धरतो.