सांगलीत भंगारात पडलेल्या शिडीच्या जुन्या बंबाचा इतिहास कसा शोधायचा? तो जपता येईल का?

आधी रंगाला हात लावू नका. सँडपेपर मारला की निम्मा इतिहास जातो. जुन्या रंगाखाली नगरपालिकेचं नाव किंवा बंबाचा क्रमांक सापडू शकतो.

गाडी आणि शिडी बहुतेक वेळा वेगवेगळ्या कारखान्यांची असते, म्हणून शोध दोन्हींचा घ्यायचा. चासी नंबर लोखंडी फ्रेमवर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्यानं ग्रीस पुसा, मग दिसेल. शिडीच्या कारखान्याच्या नावाची पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फिरत्या बैठकीजवळ बघा. जर्मनीतल्या उल्मचा मॅगिरस, कार्ल्सरूहचा मेट्झ आणि लंडनचा मेरीवेदर ही यातली मोठी नावं. मॅगिरसनं पहिली मोटरवर चालणारी फिरती शिडी 1916 मध्ये केली.

कागद शोधायचे तर पालिकेच्या सर्वसाधारण सभेचे ठराव आणि भांडार विभागाची जडवस्तू नोंदवही (टिकाऊ वस्तूंची नोंद) माहिती अधिकारात मागा. संस्थानकाळापर्यंत धागा जात असेल तर कोल्हापूरचं पुराभिलेखागार गाठा. 2005 आणि 2019 च्या पुरात सांगलीत बरंच पाण्याखाली गेलं, त्यामुळे निवृत्त फायरमन आणि चालकांना लवकर भेटा. त्यांच्या घरातले फोटो सोन्याच्या मोलाचे.

जपता येईल, पण घाई करा. 15 वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकेच्या गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द होते आणि त्या भंगारात जातात. लिलाव निघायच्या आत आयुक्तांना लेखी अर्ज द्या: गाडी रस्त्यावर न आणता अग्निशमन केंद्राच्या आवारात छपराखाली ठेवावी. पंपातलं पाणी काढा, आसाखाली ठोकळे द्या. शिडीवर मात्र कुणालाही चढू देऊ नका. शिडीचा तारदोर (पोलादी तारांचा दोर) आतून गंजलेला बाहेरून कळत नाही.