तिला बेट हवंय, मला जहाज

पुण्याच्या एका निवृत्त वाचकांचं पत्र आहे. वय 64, पत्नी 60. पेन्शन 38,000, घरखर्च 55,000. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख, खातं उघडून 14 महिने झालेत. 7 लाखांची एफडी जानेवारीत पुरी होते, म्युच्युअल फंडात 22 लाख आहेत. ऑगस्टमध्ये कोपनहेगनहून निघणारी 10 रात्रींची बाल्टिक क्रूझ दोघांना विमानासकट 8 लाख 60 हजारांत मिळतेय. वाटेत सारेमा या एस्टोनियाच्या शांत बेटावर एक दिवसाचा थांबा आहे, आणि पत्नीला जायचंय ते त्या बेटासाठीच. ‘तिला बेट हवंय, मला जहाज. पोस्टातलं खातं मोडू का?’

खातं मोडू नका. त्यातून 8.6 लाखच काढता येतील असं तुम्ही धरलंय, पण तसं होत नाही. मुदतीआधी पैसे हवे असतील तर अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्षानंतर आणि दोन वर्षांच्या आत बंद केलंत तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे तुमचे 22,500 तिथेच गेले. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 रुपयेही थांबतील. आज पेन्शन आणि हे व्याज मिळून महिन्याला 48,250 होतात, कमी पडतात ते पावणेसात हजार. खातं गेलं की तोच खड्डा 17,000 चा होतो. फंडातले 22 लाख पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या महागाईसाठी आणि दवाखान्यासाठी आहेत, त्यांनाही हात लावायचा नाही. राहिली जानेवारीची एफडी. सहलीचं बजेट तेवढंच.

आता क्रूझचा खरा आकडा बघू. जहाजावर माणशी रोज टिप आकारतात. 16 डॉलर धरले तरी दोघांचे 320 होतात. किनाऱ्यावरच्या सहली पॅकेजमध्ये नसतात. पाच बंदरांवर माणशी 80 युरो लावले तर 800 युरो. शेंगेन व्हिसाची फी माणशी 90 युरो, वर अर्ज केंद्राचे पैसे. बीपी-शुगर आधीपासून असेल तर ती कव्हर करणारा प्रवास विमा थोडा महाग पडतो, पण तोच घ्या. युरो शंभरच्या आसपास धरा, हिशेब दहा लाखांना टेकतो. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतील तो खर्च नव्हे. तुमचा कर शून्य असला तरी रिटर्न भरून तो परत मिळतो, फक्त काही महिने अडकतो.

या दहा लाखांत तुमच्या पत्नीच्या वाट्याला बेट किती येतं? जहाज सकाळी 9 ला लागणार, 5 ला सुटणार, असं तुम्ही लिहिलंय. मोठी जहाजं लागतात ते निनासेचं खोल बंदर 2006 साली बेटाच्या उत्तर टोकाला बांधलं, आणि बेटाचं मुख्य गाव कुरेसारे आहे दक्षिण किनाऱ्यावर, साधारण 35 किलोमीटरवर. उतरणं, बस, परतीची बस, सुटण्याआधी तासभर हजेरी हे सगळं वजा केलं की हातात राहतात जेमतेम पाच तास. त्यात 14 व्या शतकातला बिशपचा किल्ला, आंग्लाच्या पाच पवनचक्क्या आणि काली गावातलं उल्काविवर. (हे विवर 110 मीटरचं. लोणार पाहिलेल्या माणसाला आधी हसूच येईल. पण ही उल्का पडली तेव्हा बेटावर माणसं राहत होती, आणि त्या गोल तळ्याच्या काठावर उभं राहिलं की तो विचार डोक्यातून जात नाही.) हे सगळं बसभर सहप्रवाशांसोबत, घड्याळाकडे बघत. तुमच्या पत्नीला हवी असलेली शांतता ही नव्हे. शिवाय वारा जोराचा असला तर कॅप्टन बंदर गाळू शकतो, आणि तेव्हा परत मिळतात ते बहुधा फक्त बंदराचे कर.

क्रूझला नावं ठेवत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर बॅग एकदाच उघडायची आणि रोज नवं शहर, हे सुख मोठं आहे. फक्त जहाज हवं म्हणून घ्या, बेटाच्या नावावर घेऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर ऑगस्ट सोडून पुढच्या जूनची तयारी केली असती. एका थांब्याच्या विमानाने एस्टोनियाच्या राजधानीला, टॅलिनला जायचं, दोन रात्री राहायचं. तिथून कुरेसारेची बस साधारण चार तासांची. विर्त्सूच्या बंदरात ती बसच फेरीबोटीत चढते, अर्ध्या तासात मुहू बेटावर उतरते आणि पुढे समुद्रात घातलेल्या बांधावरून सारेमात जाते. कुरेसारेत चार रात्री. 1840 पासून इथे औषधी चिखलाचे उपचार चालतात, गुडघ्यांसाठी विचारून बघा. जुनिपरच्या लाकडाचा लोण्याचा सुरा मिळतो, हातात घेतला की बोटांना वास राहतो. आठवण म्हणून तेवढं पुरे. 23-24 जूनला मात्र तिथे मध्य-उन्हाळ्याचा सण असतो. फेरीला रांगा लागतात, खोल्या मिळत नाहीत, ते दिवस टाळा.

आणि तुमचं जहाज? परत येऊन एक रात्र टॅलिनला काढा आणि संध्याकाळी स्टॉकहोमची फेरी पकडा. केबिन, डेक, जेवण सगळं असतं. सकाळी जहाज शेकडो छोट्या बेटांमधून वाट काढत आत शिरतं, तेव्हा डेकवर जागा धरून उभे राहा. स्टॉकहोमला दोन रात्री राहून घरी. व्हिसा तोच.

हे सगळं माझ्या अंदाजाने दोघांचं साडेचार ते पाच लाखांत बसतं. एफडीतून दोन लाख उरतात. तिकडे कार्ड वापरताना मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर त्यांच्या सोयीचा असतो. कार्डाचा परकीय चलन आकार बहुतेक साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो, तो आधी बँकेला विचारा.

क्रूझ कंपनीला टोकन दिलं असेल तर रद्द करण्याच्या अटी आजच वाचा, तारीख जवळ येते तसा परताव्याचा आकडा घसरत जातो. आणि बँकेत जाऊन त्या एफडीचं ऑटो-रिन्यूअल काढून टाका. नाहीतर जानेवारीत ती आपोआप पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी लागेल, आणि मेमध्ये तिकिटं काढताना दंड भरून तीच मोडायला तुम्ही रांगेत उभे असाल.