चाळिशीतली माणसं ‘हंगर गेम्स’सारखी पोरासोरांची पुस्तकं का वाचतात?

तुम्ही विचारलंय की जुलमी राजवटीत अडकलेल्या पोरांच्या गोष्टी, म्हणजे किशोरांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन कादंबऱ्या, मोठी माणसं एवढ्या चवीने का वाचतात, आणि हा पोरकटपणा नाही का? माझं वय ४४, नोकरी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात. सुझन कॉलिन्सची ‘हंगर गेम्स’ मालिका मी दोनदा वाचली आहे, तेव्हा आरोपी म्हणूनच उत्तर देतो.

मी एकटा नाही, हे आधी सांगतो. पुस्तकांच्या बाजाराची माहिती गोळा करणाऱ्या बाउकर या संस्थेने २०१२ साली केलेल्या पाहणीत किशोरांसाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले होते, आणि त्यातले बहुतेक जण स्वतःसाठीच घेत होते. पोरांच्या नावावर खपवायचीही सोय नाही.

एक कारण अगदी साधं आहे. दिवसभर थकबाकीदारांना फोन करून घरी आलेल्या माणसाला रात्री साडेदहाला जड काही पेलत नाही. ऑर्वेलचं ‘१९८४’ मी तीनदा हातात घेतलं. त्यातला विन्स्टन ३९ वर्षांचा, पायाला जखम, जिना चढताना मध्ये मध्ये थांबणारा. याचं पुढे काय होणार हे मला पहिल्याच पानावर कळलं, कारण तसा माणूस रोज आरशात दिसतो. ‘हंगर गेम्स’ची नायिका कॅटनिस १६ वर्षांची आहे, तिला धनुष्य चालवता येतं, आणि प्रकरण अशा ठिकाणी तुटतं की दिवा मालवता येत नाही.

पण नुसतं तेवढंच असतं तर एकदा वाचून सोडून दिलं असतं. मी अडकलो तो पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणातल्या एका हिशोबात. माझ्या मुलीने तो परिच्छेद वरवर वाचून पुढची पानं गाठली होती.

तर हिशोब असा. गोष्टीतल्या देशात दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी सोडतीने निवडतात आणि ‘हंगर गेम्स’ नावाच्या स्पर्धेत एकमेकांना मारायला पाठवतात. १२ व्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, १३ व्या वर्षी दोन, असं करत १८ व्या वर्षी सात. घरात खायला नसेल तर एक सवलत आहे. जादा चिठ्ठी टाका आणि त्या बदल्यात एका माणसापुरतं वर्षभराचं बेताचं धान्य आणि तेल घेऊन जा. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी टाकता येते, आणि जुन्या चिठ्ठ्या कधीच कमी होत नाहीत. कॅटनिस आई, बहीण आणि स्वतः अशा तिघींसाठी दरसाल तीन जादा टाकते. पाच वर्षांच्या पंधरा, वयाच्या पाच, एकूण वीस. तिचा मित्र गेल पाच माणसांचं घर चालवतो, त्याच्या बेचाळीस. महापौरांच्या मुलीच्या पाच.

कागदावर कुणावरही सक्ती नाही. अर्ज ज्याचा त्याने करायचा. आमच्याकडचं जामीनपत्र वाचलंय कधी? ‘मी माझ्या राजीखुशीने’ अशीच सुरुवात असते. मध्यंतरी एका कर्जाला जामीनदार म्हणून कर्जदाराचा मुलगाच आला. मी सवयीने जन्मतारीख तपासली. अठरा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. नियमात बसत होतं, मी शिक्का मारला. बाहेर बाप त्याला चहा पाजत होता. त्या रात्री तो परिच्छेद मी पुन्हा काढून वाचला.

पुस्तकात गेल चिडून म्हणतो की भुकेल्यांनी पोटभर जेवणाऱ्यांचा दुस्वास करावा यासाठीच ही सवलत आहे. सोळाव्या वर्षी हे वाचताना शोध लागल्यासारखं वाटत असेल. मला आमच्या जामीनदारांची नावं आठवली.

दुसरी गंमत म्हणजे, मोठा वाचक भलत्याच माणसाच्या बाजूने उभा राहतो. खाणीतल्या स्फोटात नवरा गेल्यावर कॅटनिसची आई महिनोन्‌महिने नुसती बसून असते आणि घर ११ वर्षांच्या मुलीवर पडतं. आमच्या मुलीचा त्या बाईवर प्रचंड राग. “पोरी उपाशी आहेत आणि ही भिंतीकडे बघत बसली!” यावर मी म्हणालो, “अगं, तिला उठता येत नाहीये.” अर्धा तास वाद झाला, शेवटी बायकोने दोघांना जेवायला बसवलं.

हेमिचचंही तसंच. कॅटनिसला स्पर्धेसाठी तयार करणारा, सदा प्यायलेला, स्टेजवरून पडणारा मार्गदर्शक. मुलगी त्याला हसते. मी हिशोब केला: पन्नासाव्या स्पर्धेत हा १६ वर्षांचा असताना जिंकला आणि गोष्ट चौऱ्याहत्तराव्या स्पर्धेची आहे. म्हणजे हा चाळिशीचा, आणि मधल्या काळात दरवर्षी दोन पोरं आगगाडीत बसवून मरायला घेऊन गेलेला. मला त्याचं हसू येईना.

सगळीच पुस्तकं अशी नसतात. ‘डायव्हर्जंट’ ही याच जातीची दुसरी मालिका मी पहिल्या भागानंतर सोडली. अख्खं शहर पाच गटांत, आणि प्रत्येक गटाच्या वाट्याला एकेकच गुण, हे काही पटेना. आमच्या सोसायटीच्या एका सभेत याहून जास्त नमुने भेटतात.

आणि पोरकटपणाचं म्हणाल, तर याच पुस्तकातली तीन बोटांची सलामी २०१४ च्या लष्करी उठावानंतर थायलंडच्या रस्त्यांवर दिसली, आणि २०२१ मध्ये म्यानमारमध्ये डॉक्टर आणि नर्सही ती करत उभे होते. त्यांना कुणी पोरकट म्हटल्याचं ऐकलं नाही.

वाचायचं असेल तर तिसरं पुस्तकही सोडू नका. अनेकांना ते रटाळ वाटतं, मला तेच सगळ्यात जास्त पटलं. त्यात बंडखोरांच्या जिल्ह्यात रोज सकाळी दिवसभराचं वेळापत्रक जांभळ्या शाईने हातावर छापून मिळतं. ज्याने कधी बायोमेट्रिक हजेरी लावली आहे त्याला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. हेमिचच्या तरुणपणावरचं पुस्तक २०२५ मध्ये आलंय. मुलीने मागवलेली प्रत मी तिच्याआधी उघडली, त्यामुळे सध्या आमच्यात बोलणं बंद आहे.