वणीजवळच्या जिनिंगमधल्या जुन्या सर्व्हरवर उबंटू (ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, नीट चाललं. रात्रभर लाइट नव्हती. सकाळी स्क्रीनवर ‘नो बूट डिव्हाइस’, म्हणजे सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. पुन्हा इन्स्टॉल करू का?

थांबा भाऊ, इतक्यात नको. आधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर, तारीख पाहा. भलतीच जुनी दिसली तर बोर्डावरचा सेल मेला आहे, बहुतेक सीआर २०३२, ३ व्होल्टचा. लाइट गेली की सेटिंग मूळपदावर येतं. मशीन सुरू करायच्या दोन पद्धती असतात, नवी यूईएफआय आणि जुनी लेगसी; सेटिंग लेगसीवर गेलं असेल, तर यूईएफआयमध्ये टाकलेलं उबंटू त्यात उठत नाही. सेल बदला, यूईएफआय परत लावा.

डिस्कच दिसत नसेल तर साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) रेडवरून (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणं) बदलला का बघा. तिथे नवा अॅरे (डिस्कचा गट) मात्र अजिबात बनवू नका, हिशोब सगळा जाईल! खरंच पुन्हा टाकायची वेळ आली, तर बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो. ‘यूईएफआय’ लिहिलेला निवडा.